भेगमापक

मंगळवारी मी भिंती वाचते.
चेंदणी कोळीवाड्यातल्या एकतीस,
शिवाय एका दवाखान्याची, एका पिठाच्या गिरणीची.
प्रत्येक भेगेवर दोन पारदर्शक पट्ट्या,
एक अलीकडच्या काठाला चिकटवलेली, एक पलीकडच्या,
एकमेकींवर नुसत्या टेकलेल्या.
वरचीवर तांबडी फुली, खालचीवर मिलिमीटरचे चौकोन.
भिंत हलली की फुली चालू लागते.
मी वाकते, एक डोळा मिटते, वहीत आकडा लिहिते.

खाली बावीस मीटरवर
दोन मार्गिका एकमेकींच्या डोक्यावरून जाणार आहेत,
एक घोडबंदरकडून येणारी, एक कोपरीकडून.
त्यांच्या गाठीसाठी पोकळी कोरतायत,
सात मजले, उलटे.
सुकरा ओरांव तिथे रात्रपाळीला असतो.
म्हणतो, दगड काळा आहे, पण पाण्याला खाडीचा वास येतो.
मी त्याला वरच्या गल्ल्या सांगते,
तो मला खालचे थर.
अर्धं अर्धं ठाणं पाठ झालंय आम्हाला.

लोक आकडा विचारतात.
गिरणीवाल्याला मोठा हवा असतो:
"ताई, डोळा नीट लावा, दोन तरी असतील."
डॉक्टरीणबाईंना लहान.
रत्नप्रभा नाखवांनी पहिल्याच दिवशी
मोरळीवरून न उठता सांगितलं,
"ही भेग तुमची नाय. वाटणीची हाय."

दोघा भावांनी एक घर कापलं,
मधे विटांची भिंत घातली.
नवी भिंत जुनीला जिथे टेकली
तिथे तिने कधी धरलंच नाही.
एकोणीस वर्षं. पलीकडे दीर, अलीकडे ही.
तुळई तेवढी एकच राहिली, ती कापता येईना.
फॉर्मवर रकाना होता: भेगेचे कारण.
मी लिहिलं, प्रकल्पपूर्व.
याहून नेमका शब्द असेल मराठीत,
मला सुचला नाही.

मग खालून यंत्र आलं.
आधी भांड्यांना कळलं.
रात्री अडीचला फळीवरची पितळी ताटं किणकिणली
आणि भिंतीपलीकडून आवाज आला,
"वैनी, जागी हाव का?"
तिने भिंतीवर दोनदा वाटी वाजवली.
एवढंच.

त्या मंगळवारी गिरणीला एक पूर्णांक एक.
दवाखान्याला शून्य पूर्णांक सहा.
नाखवांच्या भिंतीला मी तीनदा डोळा लावला,
ओढणीने पट्टी पुसली, परत लावला.
फुली उलटी चालली होती.
उणे शून्य पूर्णांक चार.
साहेब म्हणाले, वाचन चुकलंय, पुन्हा घे.
पुन्हा घेतलं. पुन्हा तेच.
जमीन खचताना एखादी भेग मिटतेही,
पुस्तकात आहे हे,
तळटीपेत.

स्टेशन उघडलं त्या आठवड्यात मी तिला खाली नेलं.
सरकत्या जिन्याशी ती थबकली,
चपला काढून हातात घेतल्या, मग पाय ठेवला.
मार्गिका बदलण्यासाठी जमिनीवर पिवळी पावलं रंगवली होती,
माणसं त्यांवरून एका गाडीतून दुसरीकडे पळत होती,
वर कुणीच बघत नव्हतं.
ती फक्त छत बघत होती.
"माझं घर कुठं यातलं?"

मी खांब मोजले.
चौदा, पंधरा.
"इथे. त्या अग्निशामक पेटीच्या वर,
जरासं डावीकडे."

बराच वेळ तिची मान वरच.
गाडी आली, दारं उघडली, मिटली.
घोषणेच्या वरताण ओरडून
मी काँक्रीटच्या जाडीबद्दल काहीतरी सांगत होते,
तेव्हा तिने माझा दंड दाबला.

"हलू बोल, बाय.
या येलेला भावजी निजलेले असतान."