ओठांच्या मागून

रात्री नऊ वाजता एलिनेड पॅरी
चहाचा मग गुडघ्यावर टेकवून
सोलच्या इस्पितळात जाते.
तिथं सगळे इंग्रजी बोलतात,
तेही कॅलिफोर्नियाचं, उन्हात वाळवलेलं,
आणि ओठ मात्र भलतंच काही चघळत असतात.

सर्जन सो यांचं वाक्य संपतं,
तोंड चालूच.
उरलेलं कुठं जातं रे,
ती मांजराला विचारते.

सलाइन असं लावतात?
आणि ही चादर! कोपरे बघा.
बँगोरला चौतीस वर्षं रात्रपाळीची सिस्टर होती ती;
टीव्हीलाही शिस्त लावते.

आज कॉरिडॉरमध्ये एक आई उभी आहे.
आवाज म्हणतो, "नाही वाचला तो."
आईचा चेहरा तसाच.
एक क्षण, दोन क्षण, तसाच.
तिच्या भाषेत क्रियापद शेवटी येत असावं.
ती अजून वाक्यात उभी आहे,
आणि त्या वाक्यात
मुलगा अजून आहे.

मग खाली ठेवावा लागतो.

एकाहत्तर साल. खाट सात.
इद्वल, स्लेटच्या खाणीतला,
श्वास घेतला की आत खडी सरकायची.
सरेहून आलेला कोवळा डॉक्टर बराच वेळ बोलला:
फुप्फुसं, सहा आठवडे, घरच्यांना बोलवा.
"वेल्शमध्ये सांगा त्याला."
ती तेवीस वर्षांची. तिनं सांगितलं,
"म्हणतात, आता जरा आराम पडेल."

इद्वल तिच्याकडे बघतच नव्हता.
तो डॉक्टरच्या तोंडाकडे बघत होता.
मग हळूच म्हणाला,
"पोरी, तुझा आवाज
त्याच्या ओठांना बसत नाही गं."

"काय म्हणतोय?" डॉक्टरनं विचारलं.
"आभार मानतोय."

पडद्यावर ती आई आता फरशीवर बसली आहे.
रडणंसुद्धा तिचं नाही;
कुठल्याशा स्टुडिओत, कानांवर हेडफोन चढवून,
दुसरीच कुणी बाई तिच्या वतीनं रडते आहे,
घड्याळाकडे बघत असेल कदाचित,
शेवटची बस गाठायची असेल.
पण बसलंय नीट.
हुंदक्याला हुंदका लागतोय.

एलिनेड रिमोट शोधते.
तो मांजराखाली आहे,
आणि मांजर उठायला तयार नाही.