तिखट चालेल?

खराडीच्या मैदानावर शनिवारचा रात्रबाजार,
कागदी कंदील, जनरेटरची घरघर,
कुपनात उरलेले एकशेवीस रुपये.
ते संपवायचे, म्हणूनच आलो होतो दोघं.

नूडल्स ठीक. मोमो गार.
पलीकडे उखरुलची पामरैला
निखाऱ्यावर अळंबीच्या काड्या भाजत होती.
'दादा, तिखट चालेल?'
नऱ्ह्यात चार वर्षं राहून कमावलेलं मराठी.
मी म्हणालो, पळेल.

पळाली ती माझीच ऐट.
कान तापले, नाक वाहिलं, ठसका थांबेना.
मृदुला हसली. आधी ओठ दाबून, मग मोठ्यानं,
बाटली देताना पाणी हातावर सांडलं तरी हसतच.
मार्चपासून ऐकलं नव्हतं हे.
मग माझ्या हातातली काडी घेतली,
उरलेलं अर्धं दातांनी ओढून खाल्लं.
डोळे भरले तिचेही.
तिखटानंच, असं दोघं म्हणालो.

सोमवारी अकराला वकील.
फाईल गाडीच्या डिकीत.

खाऊन झालं की काडी मोडून टाकायची
लहानपणापासूनची सवय मला.
कचऱ्याचा डबा समोरच होता.

नाही मोडली.
येरवड्याच्या पुलापर्यंत
खिशात टोचत राहिली.