मोजणी

मे महिन्याची पहाट. बेतपाक-दालाच्या माळावर
थंडी अजून खिळ्यासारखी टोचते.
येरगाझी जीप लांबच उभी करतो
आणि जाड बुटांनी चालतो, अनवाणी असल्यासारखा.
पायाखाली कडू झुडूप,
आपल्या दवण्याचंच कुणी चुलत भावंड;
चुरडलं की वास दिवसभर बोटांना.

मागे नात, तोर्गिन. वही, बोथट पेन्सिल.
‘इथे,’ तो म्हणतो.
काहीच नसतं. माती. मातीच्या रंगाचं गवत.
मग मातीचाच एक तुकडा
पापणी मिटतो.

सायगाचं पाडस. कालचं असेल, फार तर परवाचं.
हात लावायचा नाही. रेंगाळायचं नाही.
आकडा पुटपुटायचा आणि पुढे.

चौसष्टला तो थांबतो.
सिगारेट काढतो, पेटवत नाही.
‘एवढी शिंगं विकली मी. एका हिवाळ्यात.
पगार बंद. दुकानात मीठ आणि काडेपेट्या, बस.
व्यापारी एकेक शिंग उन्हात धरायचा,
मेणासारखं, आरपार उजेड.’

त्या शिंगांची मोटारसायकल अजून गोठ्यात आहे.
तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालतात.

तोर्गिनला ठाऊक होतं, गावालाच ठाऊक होतं;
फक्त आकडा नव्हता.
शिंगं नरालाच. म्हणजे बत्तीस.
ती भागाकार वहीत करत नाही.
‘पासष्ट,’ म्हणते, ‘तुमच्या डाव्या बुटापाशी.’

गेल्या आठवड्यात जिल्ह्याहून एक साहेब आला होता.
नकाशावर नखाने रेघ ओढली: इथून इथवर कुंपण.
‘आहे काय इथे? रिकामंच तर आहे सगळं.’
येरगाझीने त्याला दुधाचा चहा दिला, पुन्हा दिला,
बोलला काहीच नाही.

पंगतीत उशिरा येणाऱ्यासाठी मांडलेलं पान
रिकामं असतं का?
कुणी तीनशे कोसांवरून चालत येत असतं,
सुजल्यासारखं लोंबतं नाक वाऱ्याला लावून,
मागच्या वर्षीच्या गवताच्या भरवशावर.

ऊन चढतं. वहीत एकशे सात.
साहेबाच्या कागदावर खांब किती, ते अजून कळलेलं नाही.
तोर्गिन पेन्सिल दाताने टोकदार करते.
म्हातारा आलेल्या पावलांतच पाय ठेवत परततो,
मध्येच वाकतो,
आणि मान न वळवता म्हणतो,
‘एकशे आठ. येताना सुटलं होतं.’