धक्क्याचा हिशेब

मंजुरीचं पत्र मार्चमध्ये आलं, खाडीत अजून बर्फ होता.
एक्केचाळीस हजार डॉलर, लिटल बॅरन कोव्हच्या धक्क्यासाठी.
चर्चच्या तळघरात एकोणीस जणांनी, म्हणजे सगळ्यांनीच,
केक खाल्ला.
खालची बारीक अक्षरं मी घरी येऊन वाचली.
खजिनदार मीच, आणि चांगला चष्माही माझ्याकडेच.

पहिला हप्ता पंचवीस टक्के.
पुढचे पैसे खर्च झाल्यावर, पावत्या तपासून.
शेवटचे दहा टक्के रोखून ठेवले जातील,
अंतिम अहवाल समाधानकारक वाटेपर्यंत.

म्हणजे आधी पदरमोड, मग सरकार.

पदर कुणाकुणाचा?
इग्नेशसने बोटीचं नवं इंजिन एक वर्ष पुढे ढकललं.
व्हिनी पॉमरॉयने नवऱ्याच्या विम्यातले चार हजार आणून दिले
पाकिटात. वर पेन्सिलीने लिहिलेलं: उसने.
मी तेलाची टाकी अर्धीच भरली
आणि मे महिना दोन स्वेटरांवर काढला.

लाकूड बोटीने आलं. त्याची पावती होती.
खिळे अँब्रोझच्या शेडमधून आले, डब्यांतून, बापाच्या काळचे.
त्यांची नव्हती.
सेंट जॉन्सच्या कार्यालयातली मुलगी फोनवर म्हणाली,
आवाज गोड, खरंच गोड,
की पावतीशिवाय खिळा धरता येत नाही.
मी म्हटलं, बाई, धक्क्याने तर धरलाय.

ती हसली. मग म्हणाली, फॉर्म क्रमांक सहा भरा,
श्रमदानाचा.
तास गुणिले दर.

अँब्रोझला विचारलं, किती तास झाले रे?
म्हणाला, ओहोटी असेल तेवढे.

मग मी भरती-ओहोटीचं कोष्टक घेऊन बसले,
जून आणि जुलै,
त्यातून धुक्याचे नऊ दिवस वजा,
पलीकडच्या बेटावर भावाला पुरून आला तो एक वजा.
दोनशे बारा तास.
गुणिले अठरा डॉलर, अकुशल दराने,
कारण प्रमाणपत्र जोडलेलं नाही.
पंचावन्न वर्षं होड्या बांधणारा माणूस
माझ्या स्वयंपाकघरात बसून चहा पीत होता.
तो शब्द सोडून बाकी सगळं मी त्याला वाचून दाखवलं.
त्याने सही केली. जीभ दाताखाली धरून, सावकाश.

दुसरा हप्ता सप्टेंबरात आला.
ना पत्र ना फोन, पासबुकात फक्त एक ओळ,
तीही फिकट, बँकेच्या मशीनची शाई संपत आलेली.

नव्या धक्क्यावरून पहिलं मोठं सामान गेलं ते व्हिनीचं.
कपाट, शिवणयंत्र, पलंगाचे खूर.
लेकीकडे निघाली, अल्बर्टात, कायमची.
जुन्या फळ्यांवरून ते कपाट कधी उतरलंच नसतं,
असं इग्नेशस म्हणाला, आणि मग गप्प झाला.
चार हजार मी तिच्या हातात ठेवले तेव्हा भोंगा वाजला होता.
पाकीट तेच.
उसने खोडून दुसरं काही लिहायला वेळ मिळाला नाही.

आता अंतिम अहवाल.
लाभार्थींची संख्या: अर्जात एकोणीस लिहिली होती.
आता अठरा आहोत.
फरक असल्यास वेगळ्या कागदावर खुलासा करावा.

वेगळा कागद गेले तीन आठवडे टेबलावर आहे,
त्यावर मिठाची बरणी, उडू नये म्हणून.
तिला लाभ झाला की नाही?
कोरड्या पायांनी गेली एवढं मला माहीत आहे.
त्याला चौकट नाही.

दहा टक्के अजून तिकडे आहेत. चार हजार शंभर.
पहाटे इग्नेशस जुन्या इंजिनाची दोरी ओढतो,
आवाज खिडकीपर्यंत येतो.
काल सहाव्या झटक्याला लागलं.
आज आठव्या.