चौकटीवरची कणीक

इर्बिदमध्ये बायकांच्या लग्नाचं चित्रण बाईच करते,
म्हणून माझं पोट चालतं.
खांद्यावर कॅमेरा, दाराशी कुणाची तरी आत्या,
पुरुष डोकावलाच तर चप्पल उगारायला.

रुदैनाच्या लग्नाची कॅसेट मी रात्रीची कापायला घेतली.
सासूची यादी टीव्हीच्या कडेला चिकटवलेली:
कडी जवळून दाखवणे.
मामीचा नाच कमी करणे.
रडणं फक्त आईचं ठेवणे.

मग ते दार आलं.
नवरीनं सासरच्या चौकटीवर कणकेचा गोळा थापायचा.
चिकटला, तर संसार चिकटला.
रुदैनानं टाचा उंचावल्या, थापला,
बायकांच्या जिभांचा एकच कल्लोळ उठला,
सगळ्या नजरा तिच्या तोंडाकडे,
आणि गोळा
सावकाश
सुटला.

मैसूननं तो झेलला, डाव्या हातात.
परत लावला, अंगठ्यानं दाबला,
असा, की कणकेत नखाची चंद्रकोर उमटली.
मग हिरव्या झग्याला हात पुसून
सगळ्यांहून मोठ्यानं टाळ्या वाजवू लागली.

सात सेकंद.
मी मागे नेत राहिले. गोळा पडत राहिला,
ती झेलत राहिली.
आनंद म्हणावा, तर ओठ दाबलेले.
दुःख म्हणावं, तर लगेच खाली वाकून
रुदैनाच्या बुटाचा पट्टा सैल करत होती.
त्या बुटाच्या तळव्यावर मैत्रिणींची नावं असतात,
पेननं लिहिलेली.
जिचं पुसलं जाईल, तिचं लग्न आधी.
मी चित्र थांबवून पाहिलं:
मैसूनचं नाव टाचेपुढच्या खळग्यात होतं,
जिथे जमीन लागतच नाही.
अक्षर तिचंच असावं.

सासूच्या प्रतीत ते सात सेकंद नाहीत.
माझ्या फडताळात आहेत,
कॅसेटवर लिहिलंय: रिकामी.

अकरा वर्षं झाली.
कणकेचा दगड झालाय.
सासू पाहुण्यांना हात वर करून दाखवते,
बघा, माझ्या सुनेचा हात!
पाहुणे माना डोलावतात, कॉफी घेतात.

मैसून अजून त्याच गल्लीत शिवणकाम करते.
परवा तिच्याकडे बाही आत घ्यायला गेले,
तर टाचणी तोंडात धरून म्हणाली,
तुझ्या कॅमेऱ्यात त्या दिवशी
सगळं आलं होतं का गं?

मी म्हटलं, दाराशी गर्दी फार होती.

तिनं मान हलवली,
आणि बाहीचे पैसे घेतले नाहीत.