जुना फोटो

दुकममध्ये शुक्रवारी दुपारी
एसीचा खडखडाट
आणि होडेकरच्या तडकलेल्या मोबाईलवर अख्खं जग.
अंगठ्यानं ढकललं की सौदीतली हिरवी शेतं,
वाळूवर कुणी बांगड्या काढून ठेवाव्यात तशी गोल.
मग आटलेला अरल समुद्र,
तळाशी गंजलेली गलबतं.
"भंगारात घ्यायला हवी होती," होडेकर म्हणाला.
त्याचा बाप तांडेल होता, हर्णैला.

मग बेटावर तळं, तळ्यात पुन्हा बेट,
तर वरच्या बाकड्यावरून रोडेल खाली वाकला:
याच काठावर त्याची सासुरवाडी.
किती वेळ एका पत्र्याच्या छपराशी
भांडत बसला, हेच की शेजारचं.

शेवटी म्हटलं, आपलं बघू.
बंदर सापडलं. कुंपण, वळणाचा रस्ता,
आणि जिथं आमची खोली हवी
तिथं नुसती वाळू.
उंटांची पुसट वाट. एक झुडूप.

फोटो जुना असणार.
हे तिघांनीही एकेकदा म्हटलं.
मी उठून दोरीवरचा पायजमा आत आणला.

होडेकर ते झुडूप मोठं करत राहिला,
त्याचे नुसते चौकोन होईपर्यंत.
"इथं," म्हणाला, "बरोबर इथं
तुझी उशी येते."