शेपूट टाकून पळालेला शब्द

मिस ड्रेव्हर यांनी एकतीस वर्षं
एकच शब्द लाल शाईनं खोडला :
एन्थ्यूज.

स्ट्रॉमनेसच्या शाळेत, काचांवर मिठाचा थर,
त्या फळ्यावर लिहायच्या, हे क्रियापद नाही.
एन्थ्यूझिॲझम हे भलं ग्रीक नाम.
कुणीतरी घाईत पाय दिला,
आणि पाल जशी शेपूट टाकून पळते
तसा हा पळाला, थेट तुमच्या निबंधात.

मूळही सांगायच्या, खडू खाली ठेवून.
एन् म्हणजे आत. थेओस, देव.
ज्याच्या आत देव शिरलाय, त्याच्यासाठी होता शब्द.
आणि तुम्ही तो वापरता
काकाच्या नव्या ट्रॅक्टरसाठी!

वर्ग हसायचा.
एर्लेंड इझबिस्टर हसला नाही.
“मिस, देव आत शिरल्यावर
माणूस जे करतो, त्याला काय म्हणायचं मग?”
“डोकं उठवतो म्हणायचं. बस खाली.”

हे मला त्यांनीच सांगितलं.
मी त्यांच्या माडीवरची भाडेकरू.

मे महिन्यात, रात्रीचे दहा, तरी उजेड,
दार धडाधडा वाजलं.
एर्लेंड. आता फेरीबोटीवर दोर सांभाळतो.
त्याला वाक्य जमेना.
“ऑर्का,” म्हणाला, “सात. धक्क्याजवळ. सात!”

सगळं गाव सपातांत.
खाटीक एप्रनसकट.
आणि मिस ड्रेव्हर, एका पायात गमबूट,
दुसऱ्यात नुसता मोजा,
अनोळखी माणसांचे दंड धरून सांगतायत,
तो पंख बघा, वाकडा, तो बघा, तो पंख,
चार वेळा तेच,
ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम,
पाण्यात घोट्यापर्यंत.

माझ्या भाषेत हा घोळ नाही.
आम्ही म्हणतो, अंगात आलं.
काय आलं ते सांगत नाही.
माणूस उरतो सप्तमीपुरता,
येणाऱ्याला उतरायची जागा.
इंग्रजीत मात्र कुणीतरी कर्ता लागतो,
“मी केलं” म्हणणारा,
दुसऱ्या दिवशी दुकानात तोंड दाखवणारा.

मासे गेले. मासे नव्हेत ते,
एरवी मिसनी मला लगेच दुरुस्त केलं असतं.

“मिस,” एर्लेंड म्हणाला, “आत्ता तुम्ही
काय करत होतात?”

त्या दगडावर बसल्या.
मोजा काढला, पिळला.
बराच वेळ पिळत राहिल्या.